इंजिन खोलण्याआधी

जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनातून एखादा नवा ठोका यायला लागला, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते हे: "मालक, बेरिंग गेलंय. इंजिन उतरवायला लागतंय." सांगणारा फसवाच असतो असं मी म्हणत नाही. ठोका जड असतो, खालून आल्यासारखा वाटतो, गाडी लाखो किलोमीटर पळालेली असते. मग दुसरं काय असणार, असं त्यालाही मनापासून वाटतं. पण याच वाक्यामुळे माझ्या वडिलांची गाडी ऐन उसाच्या हंगामात उभी राहिली, इंजिनचं पूर्ण काम होऊन बाहेर आली आणि सेल्फ मारल्याबरोबर तोच ठोका पुन्हा सुरू झाला. त्या कामासाठी काढलेलं कर्ज आमचं घर पुढे बरीच वर्षं फेडत होतं. जुन्या गाडीवर पोट असलेल्या दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

त्या वेळी गॅरेजवाल्यांनी इंजिन चेनब्लॉकला टांगून खाली घेतलं, संप काढला, क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवली. "उघडलंच आहे तर" या तीन शब्दांखाली रिंगा आल्या, लायनर आले, ऑइल पंप आला. इंजिन बांधून झालं, चालू केलं, आणि बोनेटखालून तसाच ठक-ठक-ठक. वडील काही बोलले नाहीत. तिथे एक म्हातारे ड्रायव्हर आपल्या गाडीचं पंक्चर निघायची वाट बघत बसले होते. त्यांनी थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "आबा, तुम्ही वर बसा अन् हवेच्या काट्याकडं बघा. मी खाली ऐकतो." त्यांनी वडिलांना ब्रेक सारखा दाबायला लावून टाकीतली हवा उतरवली. काटा खाली असताना ठोका होता. हवा भरत गेली, आठ किलोच्या आसपास अनलोडर फुस्सकन सुटला, आणि ठोका गेला. पुन्हा ब्रेक दाबले, हवा उतरली, कॉम्प्रेसर परत हवा भरायला लागला, ठोका परत आला. दोष एअर कॉम्प्रेसरच्या कनेक्टिंग रॉडमध्ये होता. इंजिनच्या क्रँकला काहीही झालेलं नव्हतं.

काढलेली जुनी बेरिंगं कोपऱ्यातल्या डब्यात तशीच पडली होती. ती मी नंतर पुसून पाहिली. आतला करडा थर शाबूत होता, नखाला लागेल असा एक ओरखडा नाही. ज्या दिवशी संप उघडला त्या दिवशी कुणी ती बेरिंगं उजेडात धरली असती, तर क्रँक ग्राइंडिंगला गेलीच नसती. म्हणून माझी पहिली सूचना ही: इंजिन खोलायची वेळ आलीच, तर पहिला पार्ट निघताना तिथे हजर राहा, तो हातात घ्या, आणि "ठोका यातूनच येत होता हे यावर कुठे दिसतंय?" असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढचा नट सैल होऊ देऊ नका.

फसगत होते ती लोखंडामुळे. इंजिनचा ब्लॉक अखंड ओतीव असतो. त्याला बाजूला कॉम्प्रेसर बोल्ट केलेला, पुढे पाण्याचा पंप, मागे फ्लायव्हील, वर टॅपेट. यातलं काहीही वाजलं की आवाज सगळ्या ब्लॉकभर पसरतो आणि संपाच्या पातळ पत्र्यातून मोठा होऊन बाहेर येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकायची जुनी पद्धत चांगलीच आहे, मीही ती वापरतो (फिरत्या पंख्यापासून लांब राहून), पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. आवाजाला काहीतरी करून बदलायला लावावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ठोका बदलतो का ते पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही.

हत्यार उचलायच्या आधी ड्रायव्हरला जवळ बसवून विचारा. आवाज कधीपासून? त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? पंप कॅलिब्रेशन होऊन आल्यावर सगळीच सिलिंडरं कडक वाजायला लागली असतील, तर टायमिंग पुढे बसलं असण्याचा संशय पहिला घ्यावा. नेहमीचा पंप सोडून भलतीकडे डिझेल भरल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर टाकी आणि फिल्टर रिकामे करून खात्रीचं डिझेल घालून पाहा. भेसळीचं डिझेल उशिरा पेट घेतं आणि त्यानं नॉकिंग वाढतं. सकाळी थंड इंजिनवर वाजून गरम झाल्यावर नाहीसा होणारा आवाज बहुतेक वेळा पिस्टनचा किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा असतो. गॅस्केट फुटलं असेल तर जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो, आणि आवाज ऐकताना हुबेहूब टॅपेटचा वाटतो. हे प्रश्न फुकटचे आहेत. ड्रायव्हरला दटावून विचारलं तर तो लपवतो, म्हणून दटावू नये.

मग बेल्ट. पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालवलं आणि आवाज गेला, तर तो वॉटर पंप, डायनामो किंवा पंख्याच्या बेरिंगचा. मिनिटाच्या वर नको, कारण पाणी फिरत नसतं. क्लच दाबून सोडून पाहा. आवाजात फरक पडला तर शोध क्लच आणि गिअरबॉक्सकडे न्या. त्यानंतर वर सांगितलेली हवेच्या काट्याची परीक्षा घ्या. तिच्यासाठी सपाट जागा आणि चाकांना लाकडी ठोकळे हवेत, कारण हवा उतरवलेल्या गाडीच्या ब्रेकवर विसंबता येत नाही. या सगळ्याला तास-दीड तास लागतो आणि एक रुपया खर्च येत नाही. तरीही हे क्वचितच कुणी करतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

एवढ्यानं उत्तर मिळालं नाही, तर नोझल. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण जाणते लोकही इथे अर्ध्यावर थांबतात.

माझी स्वतःची गाडी १६१३. तिचं ६९७ इंजिन: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोर, १२८ मिलिमीटर स्ट्रोक, ५,६७५ सीसी. १९५४ साली टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी हातमिळवणी केली, त्या घराण्यातलं हे इंजिन. साधं, दणकट, आणि प्रत्येक हायवेवरच्या मिस्त्रीच्या बोटांना पाठ असलेलं. एकदा पुण्याहून लोखंड भरून कोल्हापूरला येताना खंबाटकी चढायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये ठणठणीत ठोका सुरू झाला, हातोडी मारल्यासारखा. ऑइल प्रेशर जागेवर होतं, पाण्याचा काटा जागेवर होता. घाट हळूहळू काढून गाडी बाजूला घेतली. स्लोवर ठोका कमी पण स्पष्ट, सोबत मागे थोडा काळा धूर.

डिझेल इंजिनात हवा साधारण सतरापट दाबली जाते, त्यानं ती तापते आणि नोझलनं उडवलेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. फवारा धुक्यासारखा बारीक असेल तर ते क्रमाक्रमानं जळतं. नोझलची सुई अडकली किंवा टपकायला लागली, की थेंब साठतात आणि एकदम भडकतात. तो दणका पिस्टनवर बसतो आणि बाहेर थेट बेरिंगच्या ठोक्यासारखा ऐकू येतो.

तपासायची रीत सगळ्यांना माहीत आहे. इंजिन स्लोवर ठेवायचं, एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा, वर कापड धरायचं, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर जातं आणि ते सिलिंडर मरतं. बाहेर आलेलं डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू द्यायचं नाही. माझ्या गाडीत चार नंबरचा नट सैल केल्याबरोबर ठोका थांबला, घट्ट केल्यावर परत आला. इथेच बहुतेक जण निकाल देतात. काहींचा निकाल "नोझल गेलं", काहींचा "चार नंबरचं बिग एंड गेलं". दोघांकडेही पुरावा नसतो. सिलिंडर मेलं की त्या पिस्टनवरचा भार जातो, म्हणून सैल झालेल्या बिग एंडचा ठोकाही तितकाच गप्प होतो. नट सैल केल्यानं सिलिंडर सापडलं, आजार सापडला नाही.

आजार सापडतो अदलाबदलीनं. चार नंबरचं नोझल काढून दोन नंबरला बसवायचं, दोनचं चारला. बसवताना दोन्ही ठिकाणी नवे कॉपर वॉशर. जुना चेपलेला वॉशर परत घातला तर तिथून कॉम्प्रेशन सुटतं आणि आणखी एक नवा आवाज जन्माला येतो. बुडाशी जुना वॉशर चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्च घालून बघायचं. पाइपांचे नट नोझलच्या टोकाला सैल ठेवून सेल्फ मारायचा, बुडबुडे संपून निखळ डिझेल यायला लागलं की आवळायचे. मग पुन्हा एकेक नट सैल करून ऐकायचं. ठोका नोझलबरोबर दोन नंबरला गेला, तर दोष नोझलचा. चार नंबरलाच राहिला, तर तो त्या सिलिंडरच्या आतला, आणि तेव्हा संप खाली घ्यायला माझी काही हरकत नाही. माझ्या गाडीत ठोका दोन नंबरला गेला. टेस्टरवर लावल्यावर ते नोझल फवारा न देता टपकताना डोळ्यांनी दिसलं. नोझलची टीप बदलली, प्रेशर लावून घेतलं, गाडी त्याच आठवड्यात मालावर गेली.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. टेस्टरवर किंवा बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही नेऊ नका. दोनशे बारच्या आसपासचा तो फवारा कातडी भेदून आत जातो, वर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसरी गोष्ट: नट सैल करायची ही रीत फक्त जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांची आहे. कॉमन रेल इंजिनांत पाइपातला दाब हजार बारच्या पुष्कळ वर असतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्या त्यातल्याच, आणि त्याआधीच्याही कितीतरी. चालू इंजिनवर तिथे पाना लावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. तिथे स्कॅनरच लावावा.

आता उलट बाजू. हे वाचून कुणी खऱ्या बेरिंगच्या ठोक्यावर गाडी दामटू नये. इंजिन गरम असताना स्लोवर ऑइल प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा खाली बसत असेल, ठोका लोडवर वाढत असेल, आणि रेस देऊन सोडताना मधल्याच फेऱ्यांवर खडखडत असेल, तर इंजिन त्या जागी बंद करायचं. "गावापर्यंत हळू नेतो" नाही, "एकदा चालू करून बघतो" हेसुद्धा नाही. बेरिंग पूर्ण गेलं की कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि फुटलेल्या ब्लॉकची किंमत भंगाराच्या काट्यावर होते. पुढची परीक्षा ऑइल फिल्टरची. तो कापायचा, आतला कागद उलगडून उन्हात धरायचा. चमकणारे कण दिसले तर त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. चिकटले तर लोखंड, म्हणजे गिअर, रिंग, कॅम असं काहीतरी. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण बहुतेक बेरिंगचे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या ड्रायव्हरचा कोगनोळीच्या पुढून रात्री फोन आला. ठोका आहे आणि काटा पडतोय म्हणाला. गाडीत कांदा होता, भिजायची भीती होती, त्याला पुढे जायचं होतं. मी गाडी बंद करायला लावली, सकाळी माल दुसऱ्या गाडीत भरून दिला, आणि आमची गाडी टोचन करून आणली. टोचनाचे आणि दुसऱ्या गाडीच्या भाड्याचे मिळून त्या खेपेची कमाई गेली. फिल्टरच्या कागदात तांबूस चुरा होता, चुंबकाला न लागणारा. संप खाली घेतल्यावर तीन नंबरच्या बिग एंडच्या बेरिंगचा करडा थर निघून खालचं तांबं उघडं पडलेलं दिसलं. बाकीची पाचही आम्ही एकेक करून उजेडात पाहिली, ती चांगली होती. क्रँक उद्यमनगरात नेऊन मायक्रोमीटरनं मोजली. पहिल्याच साइजला, ०.२५ ला ती साफ निघाली. ०.५०, ०.७५ आणि १.०० हे तिन्ही साइज अजून शिल्लक आहेत.