मेगरचं स्वस्त सर्टिफिकेट कितीला पडतं?

मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर. त्याच्या कॅलिब्रेशनसाठी ‘निम्म्या दरात, उद्या संध्याकाळी सर्टिफिकेट हातात’ असं कुणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी लॅबचा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) क्रमांक मागा. कॅलिब्रेशनचा क्रमांक ‘सीसी’ने सुरू होतो, टेस्टिंगचा ‘टीसी’ने. ‘आमची लॅब आयएसओ ९००१ आहे’ हे उत्तर नव्हे. त्यातून कारभाराची घडी कळते; मोजमापाची क्षमता तपासली जाते ती आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार. ‘एनएबीएल ट्रेसेबल’ हेही उत्तर नव्हे. त्यांचा मास्टर मीटर मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून आणला असेल, पण म्हणून त्यांची लॅब मान्यताप्राप्त होत नाही.

क्रमांक मिळाला की एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधा, फुकट आहे. मान्यतेची मुदत बघा आणि ‘स्कोप’ची, म्हणजे मान्यता कशाकशासाठी आहे त्याची, फाइल उतरवून घ्या. मेख इथेच असते. लॅब मान्यताप्राप्त निघते, पण व्हर्नियर आणि प्रेशर गेजसाठी! तुम्हाला ‘इलेक्ट्रो-टेक्निकल’खाली इन्सुलेशन रेझिस्टन्स हवं, तेही तुमच्या रेंजपर्यंत. मेगर गिगाओहम मोजतो आणि लॅबची मान्यता मेगाओहमवर थांबते, तर वरच्या रीडिंगला आधार नाही. लॅबचा माणूस कारखान्यात येऊन काम करणार असेल, तर ‘साइट’ची नोंदही स्कोपमध्ये शोधा. शेवटी हातात येणाऱ्या कागदावर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआर (त्या रिपोर्टचा स्वतंत्र) क्रमांक, दोन्ही पाहिजेत.

कोटेशन लेखीच घ्या, उपकरणागणिक आणि रेंजगणिक. तोंडी दरात हे सहसा धरलेलं नसतं: १८ टक्के जीएसटी, ने-आण, साइट व्हिजिट, अर्जंट चार्ज, अ‍ॅडजस्टमेंट, फेरतपासणी. काही लॅबमध्ये ‘साधं’ आणि ‘एनएबीएल’ असे दोन दर असतात, आणि फोनवर सांगतात तो साधा. पीओवर ‘एनएबीएल चिन्हासह’ असं लिहूनच पाठवा. सोबत डिलिव्हरी चलन, मेक, मॉडेल, सीरियल नंबर, जीएसटी क्रमांक आणि मागचं सर्टिफिकेट द्या. सीरियल नंबरचा एक आकडा चुकला तरी ऑडिटर कागद बाजूला ठेवतो. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख तुम्ही ठरवून कळवायची. तुमच्या संमतीशिवाय लॅबने ती छापायची नसते. मुंबईत सरकारी पर्याय हवा असेल तर चुनाभट्टीची आयडेमी आणि अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम) या लॅब आहेत. किती दिवस लागतील ते आधी विचारा, ऑडिटच्या आठवड्यात धावू नका.

मान्यता नसलेल्या लॅबचा कागद अगदीच टाकाऊ नाही. कारखान्याच्या अंतर्गत नोंदीपुरता, दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या पडताळणीला तो चालतो. पण तुम्ही वाहन कंपन्यांना माल देत असाल तर आयएटीएफ १६९४९ मध्ये बाहेरच्या लॅबसाठी १७०२५ ची मान्यता किंवा ग्राहकाला मान्य असलेला पुरावा लागतो. तो नसेल तर तेच काम पुन्हा, दुप्पट खर्चात. अर्थिंगची मोजणी मात्र लॅब नव्हे, परवानाधारक कंत्राटदार करतो. तिथे त्याच्या अर्थ टेस्टरचं सर्टिफिकेट मागा.

नवीन सामानाचं गणित वेगळं. पॅनेलसमोरची रबरी चटई आयएस १५६५२ ची, वायर आयएस ६९४ ची घ्या. विक्रेता आयएसआय चिन्हाऐवजी खासगी लॅबचा रिपोर्ट पुढे करत असेल तर माल परत करा. चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, आणि तोवर बिल चुकतं करू नका.