इंजिन पाठीमागे : कूपर टी-५१

बैल गाडीपुढेच का जुंपावेत, हा मुलांचा प्रश्न शिक्षकबंधूंनी हसण्यावारी नेऊ नये. बैल गाडी ओढतात. इंजिन चाके फिरविते, म्हणून ते मागेही चालते. इंग्लंडातील कूपर पितापुत्रांनी १९४६ साली मोटारसायकलीचे इंजिन चालकामागे बसविले, ते केवळ साखळी मागील चाकांजवळ यावी म्हणून! पुढे त्याचा लाभ कळला. आसनाखालून जाणारा दांडा गेला, चालक खाली बसला, वजन व वाऱ्याचा अडथळा घटला. त्यांच्या एकासनी टी-५१ मोटारीने १९५९ साली जागतिक मालिकेतील ५ शर्यती जिंकल्या. सेब्रिंगच्या अखेरच्या शर्यतीत इंधन संपताच जॅक ब्रॅबम याने गाडी ढकलत नेली. तो चौथा आला, तरी जगज्जेता ठरला. घर्षणाच्या पाठास हा प्रसंग अवश्य जोडावा.