पावसातली वीज

लातूरच्या भाच्याने विजेवर चालणारी मोटार घेतली. ती भरायला घरी चार्जर हवा. मामा नांदेडला वायरमन. भाच्याने विचारले, “मामा, चार्जर कोणता घेऊ? अंगणात लावायचाय. पावसाचं काय?”

मामा म्हणाले, “आधी त्यावरचा आकडा वाच. ‘आयपी ६५’ असं लिहिलेलं बघ. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ५ म्हणजे पाण्याची धार लागली तरी बाधत नाही. पण पाण्यात बुडाला तर चालत नाही. म्हणून कमरेच्या वर, छपराखाली लाव. तारेला खाली झोळ ठेव. पाणी तिथूनच गळून जातं.”

“एवढं केलं की झालं?”

“नाही रे बाबा! अर्थिंग नीट हवं. वीज गळाली की लगेच बंद करणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवा. तोच जीव वाचवतो. अन् ७ किलोवॅटचा चार्जर असला तर आधी महावितरणला भार वाढवून माग.”

भाच्याने खोका उलटून आकडा शोधला. तो ‘आयपी २०’ निघाला. खोका दुकानात परत गेला.

वाचता आले, म्हणून धोका टळला.

प्रश्न : ‘आयपी ६५’ मधल्या ५ चा अर्थ काय?