काम झालं समजा

‘मावशी, काम झालं समजा.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला घरात चहासुद्धा देऊ नका. आमच्याकडे त्याला चहा, पोहे आणि वर गणपतीत आरतीचा मान मिळाला.

त्या एजंटाला आणलं भावोजींनी. वडील गिरणीत होते, ते गेल्यावर घराच्या अर्जावर आई वारस. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या २०२०च्या सोडतीत घरं ३,८९४ आणि अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. आमचा नंबर लागला नाही यात नवल नाही. पण १९८२च्या गिरणी संपापासून लालबाग-परळची माणसं वाटच बघतायत, हे असल्या एजंटांना पक्कं ठाऊक असतं.

खरा गोलीबाज बढाया मारत नाही, तो तुमच्या वतीने रडतो. ‘सरकारने तुमची वाट लावली हो मावशी,’ म्हणत हा डोळे पुसायचा. मग आवाज खाली आणून, ‘कोट्यातली दोन-तीन घरं निघालीत, साहेबांशी बोलणं झालंय, कुणाला सांगू नका, नजर लागते.’ वांद्र्याला म्हाडाच्या गृहनिर्माण भवनापाशी बोलवायचा, आईला टपरीवर बसवून आत जायचा आणि फाईल काखोटीला मारून बाहेर यायचा. त्या इमारतीत कामासाठी कुणीही जातं. आईला मात्र वाटलं, याची ऊठबस साहेबांत.

मी पावती मागितली. ‘असल्या कामांची पावती असते का दादा?’ भावोजी माझ्यावरच डाफरले, तू शंकेखोर. मी ड्युटीवर असताना आईने बांगड्या मोडून रोख रक्कम दिली. हे मुद्दाम लिहितोय, कारण नातेवाइकांत अजून ‘मुलगा शिकलेला, तरी टोपी घालून घेतली’ असं चालतं. त्या वेळी हेच सगळे त्या एजंटाचा नंबर आपल्या मोबाइलात भरून घेत होते.

उलगडा झाला लालबागच्या मसाला गल्लीत. आई मिरच्या भाजून घ्यायला बसली होती. शेजारी चिंचपोकळीच्या एक आजी, त्यांचेही मालक गिरणीतले. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ‘वाटपपत्र’ काढलं. आईने ब्लाउजमधली आपल्या पत्राची घडी काढली. दोन्ही कागदांवर जावक क्रमांक एकच, मजला एकच, खोली एकच. शिक्कासुद्धा त्याच कोनात तिरका. नाव तेवढं वेगळं. मिरच्यांचा खाट उठला होता म्हणून डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं नाही, असं आई सांगते.

फोन केला तर चोराच्या उलट्या बोंबा. ‘मावशी, पोटच्या पोरासारखा मी आणि माझ्यावर संशय? माझेच पैसे वर अडकलेत.’ पुढे ‘उद्या’, मग ‘साहेबांची बदली झाली’, मग फोन बंद. भावोजी अजून म्हणतात, माणूस चांगला होता, वरचे फिरले. काय बोलणार!

आता ऐका. गिरणी कामगारांची घरं संगणकीय सोडतीने निघतात, आणि म्हाडाने एजंट नेमलेला नाही हे म्हाडाच वारंवार जाहीर करते. ‘आतलं सेटिंग’ हा शब्द आला की उठायचं. पत्र हातात पडलं तर पैसे देण्याआधी मूळ कागद घेऊन वांद्र्याला स्वतः जा, अर्ज क्रमांक विजेत्यांच्या आणि प्रतीक्षा यादीशी ताडून बघा. बरोबर एजंट नको, आणि भावोजी तर नकोच. पैसे रोख देऊ नका. मोबाइलवरून गेले असतील तर त्याच तासाला १९३० लावा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, रागाच्या भरात आम्ही अर्धं पुसलं. पोलीस आधी ‘आपसात मिटवा’ म्हणतील. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पूर्वीचं चारसोबीस १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात आलंय, एवढं तिथे माहीत असलेलं बरं.

आमची तक्रार त्या आजींच्या तक्रारीबरोबर दिली आहे. तुमच्या चाळीत कुणाच्या ट्रंकेत असा कागद असेल तर लाजू नका, जावक क्रमांक ताडून बघा आणि तक्रारीला आपलंही नाव जोडा.