जुने कॅलेंडर पुन्हा भिंतीवर केव्हा?

जानेवारी उजाडला की गेल्या वर्षीचे कॅलेंडर भिंतीवरून खाली उतरते. त्याची पाने वह्यांना कव्हरे म्हणून लागतात, नाहीतर रद्दीत जातात. पण काही मंडळी जुने कॅलेंडर टाकायला मुळीच तयार नसतात. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते हे अशा मंडळींपैकी आहेत.

ही अमेरिकन विज्ञानकथा-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी, गुरुवारी, सुरू झाली. 'एंटरप्राइझ' नावाचे तारायान, त्याचा कप्तान कर्क आणि टोकदार कानांचा, तर्काला सोडून एक शब्दही न बोलणारा स्पॉक यांच्या या कथा. ७९ भाग होऊन १९६९ मध्ये मालिका बंद पडली. गंमत अशी की, तिची खरी लोकप्रियता त्यानंतर, पुनःप्रक्षेपणांतून वाढली. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली. चाहते वाढले तशा त्यांच्यासाठी वस्तूही निघू लागल्या आणि त्यांत भिंतीवरची कॅलेंडरे आली. १९७६ सालासाठी अमेरिकेतील बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने असे कॅलेंडर काढले होते. दर महिन्याला एक मोठे चित्र आणि त्याखाली तारखांचे चौकोन, असा या कॅलेंडरांचा थाट. पुढे केवळ तारायानांच्या चित्रांची कॅलेंडरेही दरसाल निघू लागली.

आता समजा, १९७६ साली पंधरा वर्षांच्या एका मुलाने असे कॅलेंडर विकत घेतले आणि वर्ष संपल्यावर जपून ठेवले. त्याला ते पुन्हा भिंतीवर लावायचे आहे. पण नुसते चित्रासाठी नव्हे, तारखा आणि वार बरोबर जुळले पाहिजेत. त्याने किती वर्षे थांबावे?

हे गणित सोपे आहे. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे पुढच्या वर्षाचा १ जानेवारी एक वार पुढे सरकतो. लीप वर्षात ३६६ दिवस असल्याने तो दोन वार सरकतो. १९९२ हे वर्ष बुधवारी सुरू झाले. ते लीप वर्ष होते, म्हणून १९९३ एकदम शुक्रवारी सुरू झाले. मधला गुरुवार ओलांडला गेला. इंग्रजीत 'लीप' म्हणजे उडी, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

वर्षाची सुरुवात सातांपैकी कोणत्या तरी एका वारी होणार आणि ते वर्ष साधे किंवा लीप असणार. म्हणजे कॅलेंडरे एकूण ७ × २ = १४ प्रकारचीच! छापखान्यांनी आजवर काढलेली तारीख-वारांची सगळी कॅलेंडरे या चौदांतच बसतात.

साध्या वर्षाचे कॅलेंडर किती वर्षांनी परत लागू पडते, ते त्या वर्षाला ४ ने भागून पाहावे. बाकी १ उरली तर ६ वर्षांनी. बाकी २ किंवा ३ उरली तर ११ वर्षांनी. १९८७ चे उदाहरण घेऊ. याच वर्षी स्टार ट्रेकची नवी मालिका, 'द नेक्स्ट जनरेशन', सुरू झाली. १९८७ ला ४ ने भागल्यास बाकी ३, म्हणून ११ वर्षांनी १९९८. आता बाकी २, म्हणून पुन्हा ११ वर्षांनी २००९. आता बाकी १, म्हणून ६ वर्षांनी २०१५. पुन्हा बाकी ३, म्हणून २०२६. या पाचही वर्षांचा १ जानेवारी गुरुवारी येतो आणि पुढची प्रत्येक तारीखही जुळते.

बाकी २ असताना मात्र एक फसगत होते. १९६६ शनिवारी सुरू झाले आणि सहाच वर्षांनी १९७२ हेही शनिवारी सुरू झाले. जानेवारी जुळतो, फेब्रुवारी जुळतो, आणि मग २९ फेब्रुवारी येऊन सगळे बिघडवतो. कारण १९७२ लीप होते. याच्या उलट प्रकारही घडतो. ८ सप्टेंबर २०१६ रोजी मालिकेला पन्नास वर्षे झाली आणि त्या दिवशीही गुरुवारच होता! म्हणून कोणी १९६६ चे कॅलेंडर (मालिकेचे नव्हे, तेव्हा तिची कॅलेंडरे कोठली? साधे, दुकानदाराने भेट दिलेले) २०१६ साली लावले असते, तर जानेवारी-फेब्रुवारीत ते चुकले असते आणि मार्चपासून अखेरपर्यंत बिनचूक चालले असते. असे का, ते तुम्ही शोधून काढा.

आता आपल्या मुलाकडे वळू. १९७६ हे लीप वर्ष, आणि लीप वर्षाचे कॅलेंडर परतायला पूर्ण २८ वर्षे लागतात. म्हणजे २००४ साली ते पुन्हा लावता आले. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. ती संधी हुकली असेल तर २०३२. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा असेल. त्यापुढची वर्षे २०६० आणि २०८८. पण २०८८ नंतर २८ मिळवून २११६ असे उत्तर लिहाल, तर चुकाल! शतकाच्या वर्षाला ४०० ने निःशेष भाग जात नसेल तर ते लीप नसते. म्हणून २१०० साध्या वर्षात जमा होते, चक्र मोडते आणि हे कॅलेंडर थेट २१२८ मध्ये परतते. २८ ऐवजी ४० वर्षांनी!

तारीख आणि वार जुळले म्हणजे सगळे जुळले, असेही समजू नका. अमेरिकन कॅलेंडरांवर तिथले सणही छापतात. 'थँक्सगिव्हिंग' हा नोव्हेंबरमधला चौथा गुरुवार. तो १९८७ मध्ये २६ तारखेला होता आणि २०२६ मध्येही २६ लाच येतो. परंतु ईस्टर १९८७ मध्ये १९ एप्रिलला होता, तर २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला येतो. ईस्टरचा संबंध पौर्णिमेशी आहे आणि चंद्र आपल्या आठवड्यांना जुमानत नाही. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस होतात, तेव्हा त्याचा हिशोबच वेगळा. आपल्याकडच्या कॅलेंडरांत तर प्रत्येक चौकोनात तिथी असते. त्यामुळे ती दुसऱ्यांदा लावली, तर वार बरोबर येईल आणि चतुर्थी चुकेल.

खुद्द एंटरप्राइझवर कोणते कॅलेंडर असेल? मालिकेत कप्तान आपल्या नोंदीच्या आरंभी 'स्टारडेट', म्हणजे तारादिनांक, सांगतो. जुन्या मालिकेच्या लेखकांना सूचना होती की, कोणतीही चार अंकी संख्या घ्या आणि पुढे दशांशाचा एक अंक द्या. कथा नेमकी कोणत्या शतकात घडते, हे तेव्हा उघड करायचे नव्हते. १९८७ च्या मालिकेत थोडी शिस्त आली. संख्या पाच अंकी झाली, पहिला अंक ४ आणि दुसरा अंक मालिकेच्या हंगामाचा. पहिल्या भागाचा तारादिनांक ४११५३.७ असा आहे. तरीही त्यावरून वार काढता येत नाही. हा माझ्या मते मालिकेचा दोषच, स्पॉकला तो कसा खपला कोण जाणे!

खऱ्या खगोलशास्त्रज्ञांकडे मात्र महिने आणि वर्षे नसलेली, नुसती दिवसांची मोजणी आहे. जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ साली सुचवलेल्या कालगणनेवर ती आधारलेली आहे. इसवी सनापूर्वी ४७१३ या वर्षाच्या १ जानेवारीच्या दुपारी शून्य धरून दिवस मोजत यायचे. ८ सप्टेंबर १९६६ च्या दुपारी ही संख्या २४३९३७७ होती. या संख्येला ७ ने भागा. बाकी ० म्हणजे सोमवार, १ म्हणजे मंगळवार, असे पुढे. येथे बाकी ३ उरते, म्हणजे गुरुवार. वार लपवायला जागाच नाही.

आणखी एक हिशोब. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे येतात, म्हणून एकूण दिवस १,४६,०९७. याला ७ ने भागल्यास बरोबर २०,८७१ येतात, बाकी शून्य. तेव्हा ४०० वर्षांनी सगळी कॅलेंडरे जशीच्या तशी परत येतात. 'द नेक्स्ट जनरेशन'च्या कथा २३६४ पासून पुढे घडतात. तिच्या तिसऱ्या हंगामाचे वर्ष २३६६, म्हणजे १९६६ नंतर नेमकी ४०० वर्षे. दुकानदाराचे ते १९६६ चे कॅलेंडर त्या यानावर कोणी टांगले, तर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकही वार चुकणार नाही.

कप्तान कर्कचा काळ याच्या शंभर वर्षे आधीचा. ८ सप्टेंबर २२६६ या दिवशी कोणता वार येईल, ते वहीत मांडून पाहा. २००० लीप होते, २१०० आणि २२०० लीप नाहीत, हे विसरू नका. उत्तर शनिवार यायला हवे.