एकशिक्षकी शाळेला सोबत

प्राथमिक शिक्षकाच्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. दिवसभर मुलांच्या गराड्यात वावरणारा हा माणूस व्यवसायाच्या दृष्टीने बहुधा एकटा असतो. वकील न्यायालयात दुसऱ्या वकिलांचा युक्तिवाद रोज ऐकतो. गवंडी दुसऱ्या गवंड्याच्या शेजारी उभा राहून भिंत चढवतो. शिक्षकाचे तसे नसते. प्रशिक्षणाचा काळ संपल्यावर दुसऱ्या शिक्षकाचा पाठ पाहण्याची, आपला पाठ कोणास दाखविण्याची आणि 'हे मला जमत नाही' असे मोकळेपणाने सांगण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. हा एकटेपणा कमी करावा या हेतूने शाळांचे समूह निर्माण करण्यात आले. उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या संदर्भात या समूहांचे कार्य कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन तालुक्यांची परिस्थिती

पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींतील होत. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते पोर्तुगीज अमलाखाली आले. या भागात मराठीची परंपरा पूर्वीपासून असली, तरी गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या त्या गोवामुक्तीनंतरच. 1961 च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला आणि 1963 मध्ये पहिले लोकनियुक्त सरकार अधिकारावर आले. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकीर्दीत वाड्यावाड्यांपर्यंत प्राथमिक शाळा पोहोचविण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. मुलाने शाळेकडे लांबवर चालत जाऊ नये, तर शाळेनेच मुलाच्या घराजवळ यावे, हा त्यामागील विचार होता. मोठ्या लोकसमुदायाला शिक्षणाचे दार त्यामुळे प्रथमच उघडले.

घराजवळ आलेली शाळा साहजिकच लहान होती. पुढे कुटुंबे लहान झाली, काही पालकांचा ओढा शहरातील व इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे वळला, आणि पुष्कळ शाळांचा पट घसरत गेला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असावेत असे अपेक्षित आहे. तथापि पट अगदीच थोडा राहिला की, प्रत्यक्षात एकाच शिक्षकावर शाळा चालते. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका खोलीत, एका फळ्यासमोर बसतात. पहिलीची मुले अक्षरे गिरवीत असताना चौथीची मुले अपूर्णांकांपाशी अडलेली असतात, आणि दोघांनाही त्याच क्षणी शिक्षक हवा असतो.

भूगोलही या एकटेपणात भर घालतो. पेडणे तालुक्यातील तेरेखोल हे गाव नदीच्या पलीकडे असून केरीहून तेथे फेरीबोटीने जावे लागते. चांदेल, हसापूर, इब्रामपूर ही गावे एका टोकाला, तर मोरजी, मांद्रे, हरमल ही समुद्रकाठची गावे दुसऱ्या टोकाला. डिचोलीत मेणकुरे, लाटंबार्से, कुडचिरे यांसारखी डोंगराळ गावे आहेत, तशीच सुर्ल, वेळगे, नावेली यांसारखी खाणपट्ट्याच्या छायेतील गावे आहेत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा अनेक कुटुंबांचे उत्पन्न आटले. पेडण्यात मोपा येथील विमानतळावरून 2023 च्या जानेवारीत प्रवासी वाहतूक सुरू झाली. अशा घडामोडींचे पडसाद शाळेच्या पटावर उमटल्यावाचून राहत नाहीत.

समूहाच्या कल्पनेचा उगम

शाळांना परस्परांशी जोडण्याची कल्पना नवी नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) शाळा-संकुलाची शिफारस केली होती. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा गुंफाव्यात आणि त्यांनी एकमेकींचे साहाय्य घ्यावे, अशी ती योजना होती. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अस्तित्वात आल्या. गोव्याची ही संस्था पर्वरी येथे आहे. शेजारच्या महाराष्ट्रात 1990 नंतरच्या दशकात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही व्यवस्था सुरू झाली. सर्व शिक्षा अभियानाने तालुक्याच्या पातळीवर गट साधन केंद्र आणि त्याखाली समूह साधन केंद्र, अशी दुहेरी रचना देशभर रूढ केली. 2018 पासून हे कार्य समग्र शिक्षा योजनेत समाविष्ट झाले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा-संकुलाचा पुनश्च पुरस्कार केला असून, प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे सुचविले आहे.

रचना आहे, धोरणही आहे. परंतु शिक्षक एकत्र आल्यावर नेमके काय घडते, यावरच समूहाचे यश अवलंबून असते.

बैठकीत काय घडावे?

एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतील एक मूल 42 मधून 17 वजा करून 35 असे उत्तर लिहिते. शिक्षक ते चूक ठरवतो आणि हातचा घेण्याची रीत पुन्हा एकदा सांगतो. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा तसेच लिहिते. एकट्या शिक्षकाला वाटते की, मुलाचे लक्ष नाही.

हीच वही पाच-सहा शिक्षकांसमोर ठेवली, तर काय होईल? कोणीतरी म्हणेल, माझ्याही वर्गात दोन मुले असेच करतात. मग लक्षात येईल की, मूल निष्काळजी नाही. ते एक नियम पाळते आहे. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढेच त्याने मनाशी धरले आहे. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ते 7 मधून 2 वजा करून 5 लिहिते आणि 4 मधून 1 वजा करून 3 लिहिते. म्हणजे दोष लक्ष देण्यात नसून दशक ही संकल्पना मनात न ठसण्यात आहे. यावर कोणी माडाच्या हिरांच्या जुड्यांचा उपाय सुचवील. दहा-दहा हिरांच्या चार जुड्या आणि दोन सुटे हीर मुलापुढे ठेवावेत. त्यांतून सतरा काढून द्यायला सांगावे. सुटे हीर पुरत नाहीत असे दिसताच मूल आपण होऊन एक जुडी सोडते. आता तीन जुड्या व बारा सुटे हीर झाले. त्यांतून एक जुडी व सात सुटे काढले की, दोन जुड्या व पाच सुटे उरतात. उत्तर 25. हातचा म्हणजे सोडलेली जुडी, हे मुलाला सांगावे लागत नाही. ते त्याने स्वतःच्या हातांनी केलेले असते.

या उदाहरणात मोठे शास्त्र नाही. पण एका शिक्षकाची अडचण सर्वांची झाली, चुकीमागचे कारण सापडले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून पाहण्याजोगा उपाय हाती आला. समूहाच्या बैठकीचे सार यातच आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. या दोन तालुक्यांतील मूल घरी 'न्हंय' म्हणते आणि पुस्तकात 'नदी' वाचते. घरी 'सुणे' म्हणते आणि पुस्तकात 'कुत्रा' पाहते. काही मुलांच्या घरची भाषा कन्नड वा हिंदी असते. घरचा शब्द चुकीचा ठरविला की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचन शिकविणे सर्वांत कठीण. आपल्या गावच्या मुलांच्या तोंडी असलेले शब्द प्रत्येक शिक्षकाने टिपून आणावेत, पुस्तकातील शब्दांशी त्यांची सांगड घालावी, आणि ही यादी समूहातील सर्व शाळांनी वापरावी. असे काम एकट्याने करू म्हटले तर वर्ष जाईल. दहा जणांनी केले तर दोन बैठकांत होईल.

इतरांचा अनुभव

जपानमध्ये पाठ-अभ्यासाची परंपरा शतकाहून जुनी आहे. शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतील एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो, आणि बाकीचे मुलांकडे लक्ष ठेवून बसतात. चर्चा नंतर होते. ती शिकविणाऱ्याच्या गुणदोषांविषयी नसते. मुले कोठे अडली याविषयी असते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात 1970 नंतरच्या दशकात 'नवी शाळा' या नावाने ग्रामीण बहुवर्गीय शाळांची चळवळ उभी राहिली. तीत जवळपासच्या शिक्षकांच्या लहान मंडळांना मोलाचे स्थान आहे. आपल्या शेजारचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाचे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांनी एकत्रितपणे ज्ञानरचनावादी पद्धती अमलात आणली, आणि ती पाहण्यासाठी इतर जिल्ह्यांतील शिक्षक तेथे जाऊ लागले. एका शिक्षकाचे वर्ग पाहणे हेच दुसऱ्याचे प्रशिक्षण ठरले.

खरी अडचण

आपल्याकडील मुख्य अडचण मात्र निराळी आहे. ज्या शिक्षकाला समूहाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच बैठकीस येणे सर्वांत कठीण असते. मोठ्या शाळेतील एक शिक्षक बैठकीस गेला, तर त्याचा वर्ग दुसरा सांभाळतो. एकशिक्षकी शाळेतील बाई तालुक्याच्या गावी गेल्या, तर त्या दिवशी शाळा सांभाळणार कोण? ज्या शाळेचे दार वरचेवर बंद दिसते, त्या शाळेवरून पालकांचे मन उडण्यास वेळ लागत नाही. पुढच्या जूनमध्ये दोन मुले कमी येतात, आणि मग शाळा चालू ठेवावी की शेजारच्या शाळेत विलीन करावी, हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे शिक्षकाला सोबत देण्यासाठी योजलेली बैठकच, नीट विचार न केल्यास, त्याच्या शाळेला मारक ठरू शकते.

यावर उपाय आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना वेगळा खर्च लागत नाही.

पहिला उपाय असा की, बैठक शाळेकडे न्यावी. दर वेळी एकाच मध्यवर्ती ठिकाणी जमण्याऐवजी समूहातील चार-पाच शिक्षकांनी पाळीपाळीने एकशिक्षकी शाळेत जमावे. तेथील मुलांसमोरच एक पाठ व्हावा. मुलांना त्या दिवशी एकाऐवजी पाच शिक्षक मिळतात, आणि शाळेचे दार उघडे राहते. पाहुण्या शिक्षकांच्या वर्गांची व्यवस्था त्यांच्या मोठ्या शाळांना करता येते.

दुसरा उपाय जोडशाळांचा. जवळजवळच्या दोन लहान शाळांनी महिन्यातून एक दिवस मुलांसह एकत्र यावे. दोन शिक्षकांनी पहिली-दुसरी व तिसरी-चौथी असे वर्ग वाटून घ्यावेत. तीन मुलांच्या वर्गात खेळता न येणारे खेळ त्या दिवशी खेळता येतात, आणि शिक्षकाला दुसऱ्याचे शिकविणे जवळून पाहता येते.

तिसरी बाब बैठकीच्या स्वरूपाची. माहिती भरण्याचे नमुने, याद्या, परिपत्रके ही कार्यालयीन कामे आवश्यकच आहेत. परंतु त्यांनी बैठकीचा वेळ व्यापला, तर शिक्षक मनाने घरी परतलेला असतो. ही कामे बैठकीपूर्वी वा बैठकीनंतर ठराविक वेळेत उरकावीत. बैठकीचा गाभा एक पाठ, एक वही, एक अडचण एवढाच ठेवावा. मागील वेळी ठरलेला उपाय कोणी करून पाहिला आणि त्याचे काय झाले, याने प्रत्येक बैठकीची सुरुवात व्हावी.

चौथी बाब वृत्तीची. समूह साधन व्यक्ती हा निरीक्षक नव्हे. दोष नोंदविणारा माणूस समोर बसला की शिक्षक आपली उत्तम वही पुढे करतो. सोबती बसला की चुकलेली वही पुढे करतो. समूहाला उपयोग चुकलेल्या वहीचा असतो. म्हणून बैठकीत सांगितलेली अडचण कोणाच्याही सेवाविषयक मूल्यमापनात येणार नाही, ही हमी वरिष्ठांनी कृतीने दिली पाहिजे.

समारोप

लहान शाळा चालू ठेवणे की विलीन करणे, हा निर्णय अनेक बाबींवर अवलंबून असतो. परंतु जोपर्यंत वाड्यावरील शाळेत एखादे जरी मूल बसले आहे, तोपर्यंत त्याला चांगले शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ते देणाऱ्या शिक्षकाला सोबत मिळणे ही त्या हक्काची पूर्वअट आहे. मुक्तीनंतर शाळा मुलाच्या घराजवळ आली. तोच न्याय आता शिक्षकालाही लावावयास हवा. समूहाने त्याला दूर बोलावण्यापेक्षा त्याच्या शाळेपर्यंत जावे. नव्या शैक्षणिक वर्षाचे बैठकांचे वेळापत्रक आखताना पेडणे व डिचोलीतील समूहांनी पहिली बैठक आपल्या परिसरातील सर्वांत लहान शाळेत घ्यावी आणि तेथील शिक्षकाला पहिला प्रश्न विचारण्याचा मान द्यावा, एवढी सूचना येथे कराविशी वाटते.