घरची माती, घरची सजावट



दसरा जवळ आला की आपल्या घरात दोन कामे निघतात. एक सारवण-पोताऱ्याचे आणि दुसरे बाजाराच्या यादीचे. इतवारीतून नाहीतर बर्डीवरून प्लास्टिकच्या फुलांच्या माळा येतात, चकचकीत तोरणे येतात, भिंतीवर लावायच्या तसबिरी येतात. होळीपर्यंत त्यांचा रंग उडतो, वर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी यादी पुन्हा तशीच तयार होते. यंदाच्या पाठात आम्ही त्या यादीला हात घालणार आहोत. सजावटीचे सामान आपल्या वावरात, धुऱ्यावर आणि गावच्या तलावात पडलेले आहे. पण ते कसे वापरायचे हे सांगण्याआधी आम्ही स्वतः काय चूक केली ते सांगतो, कारण ती चूक गावोगाव चाललेली आम्हाला दिसते.

आमचे घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. ओसरीच्या मोठ्या भिंतीवर आजीने मातीचा एक मोर केलेला होता. बाजूला दोन राघू आणि तुळशीवृंदावन. दर दिवाळीला आजी त्याची डागडुजी करायची, गेरू आणि छुई फिरवायची. आमच्या मोठ्या मुलीची सोयरीक ठरायची होती, पाहुणे येणार होते. आम्हाला वाटले, हा मोर फार गावठी दिसतो. ऊसबिलाचा एक हप्ता नुकताच हाती आला होता. मिस्त्री बोलावला, भिंत खरडून सिमेंटचे प्लास्टर केले, वर गुलाबी ऑईलपेंट मारला. आजी खाटेवर बसून पाहत होती. एवढेच म्हणाली, "मातीले मातीच धरते रे बाबू, सिमिट कायले लावता?" आम्ही हसून सोडून दिले.

दोन पावसाळे भिंत झकास दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात ऑईलपेंटला फोड आले, मग प्लास्टर फुगले आणि एका रात्री दोन हात रुंद पोपडा खाली आला, तो नेमका आजीच्या खाटेवर. आजी त्या दिवशी लेकीकडे गेलेली, म्हणून निभावले. सकाळी पाहतो तर आतली माती चिखलासारखी मऊ झालेली आणि वाळवी चौकटीपर्यंत पोचलेली.

असे का झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. हे काम वर्षभर चालू असते, आपल्याला ते दिसत नाही. सिमेंटचा थर आणि त्यावर ऑईलपेंट म्हणजे त्या ओलीची वाटच बंद. ओल प्लास्टरच्या मागे साचते आणि भिंत आतून मऊ पडत जाते. शिवाय माती पावसाळ्यात थोडी फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंटला तसे हलता येत नाही. मग दोघांची पकड सुटते. मातीच्या भिंतीवर प्लास्टिकचे पत्रे ठोकले तरी गत हीच. म्हणून आमचे सांगणे असे की ज्यांच्या घरी अजून मातीची भिंत आहे त्यांनी तिच्यावर पैसा घालण्याआधी थांबावे. तिला शोभणारी आणि मानवणारी सजावट मातीचीच असते, आणि ती जवळजवळ फुकट आहे.

ज्यांना हे मागासलेपण वाटते त्यांनी एकदा सेवाग्रामला जाऊन यावे. नागपूरहून वर्धा आणि वर्ध्याहून आठ किलोमीटर. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बापूकुटीच्या भिंती मातीच्या आहेत. त्या मातीवर मातीनेच उठावाची ताडासारखी झाडे आणि चरखा काढलेला आहे. हे काम मीराबेनच्या हातचे. मीराबेन म्हणजे मूळच्या मॅडलिन स्लेड, इंग्रज ॲडमिरलची मुलगी. देशोदेशीची मोठमोठी माणसे त्या भिंतीपुढे बसून गेली, आणि आम्ही पाहुण्यांच्या धाकाने मोर खरडून काढला!

आता कृती. माती निवडण्यातच निम्मे काम आहे. आपल्याकडची काळी कपाशीची माती एकटी कधीही वापरू नये. उन्हाळ्यात वावराला कशा भेगा पडतात ते आपण पाहतोच, भिंतीवर तिचे तेच होते. तलावाचा गाळ चांगला. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांना तोटा नाही. पिवळी किंवा पांढरी मातीही चालते. माती वाळवून, कुटून, पिठाच्या नाही पण रव्याच्या चाळणीने चाळून घ्यावी. तीन घमेली मातीला एक घमेले बारीक रेती, एक घमेले बोटाच्या पेराएवढा कापलेला गव्हांडा किंवा तणीस, आणि अर्धे घमेले ताजे शेण घ्यावे. उसाचे पाचट आम्ही वापरून पाहिले. ते ताठ राहते आणि हाताला कापते, म्हणून ते वावरातच कुजू द्यावे, जाळू मात्र नये. हे सर्व पाण्यात भिजवून पाच-सहा दिवस ठेवावे आणि रोज एकदा पायांनी तुडवावे. वास येऊ लागतो, त्याला घाबरू नये. मुरलेली माती लोण्यासारखी चिकट होते.

भिंतीला हात लावण्याआधी परीक्षा घ्यावी. एका फळीवर वीतभर लांबीची आणि बोटभर जाडीची वडी थापून सावलीत वाळवावी. वडीला भेगा पडल्या तर रेती आणि गव्हांडा थोडा वाढवावा. वडी हाताने चुरली जात असेल तर रेती जास्त झाली, माती वाढवावी. ही परीक्षा आम्ही पहिल्या खेपेला घेतली नाही आणि मोराचा पिसारा तिसऱ्या दिवशी चुलीपुढे गोळा करावा लागला.

भिंतीवर आधी कोळशाने चित्राची रेघ मारावी. रेघेच्या आतला भाग विळ्याच्या टोकाने आडवा-उभा खरवडून पाण्याने चांगला ओला करावा, आणि त्यावर मातीचे ताकासारखे पातळ पाणी लावावे. मग मातीचे गोळे दाबून बसवत जावे. हातात पातळ पाणी कायम असू द्यावे, म्हणजे सांधा बसतो. उठाव अंगठ्याच्या जाडीपेक्षा जास्त नको. मोराची मान किंवा घोड्याचे डोके जाड हवे असेल तर तिथे आधी बाभळीच्या खुंट्या ठोकून त्यांना सुतळी गुंडाळावी, मग माती लावावी. बारीक काम करायला कंगवा, बांगडी, बाटलीचे झाकण आणि बाभळीचा काटा पुरतो. पहिले दोन दिवस वर ओले पोते टांगावे, म्हणजे माती हळूहळू वाळते. तरी एखादी बारीक भेग पडतेच. ती पातळ मातीने भरून ओल्या अंगठ्याने घासावी. आभल्याचे तुकडे लावायचे असतील तर माती ओली असतानाच दाबावेत. कच्छमध्ये घरांच्या भिंतींवर असेच आभले लावून लिप्पणकाम करतात, रात्री दिव्याच्या उजेडात ते लखलखते.

रंग पूर्ण वाळल्यावरच द्यावा. ओलसर माती काळपट दिसते, वाळली की सगळीकडे सारखी फिकट होते, ती खूण. तांबड्यासाठी गेरू, पांढऱ्यासाठी छुई, काळ्यासाठी चुलीची काजळी. बाभळीचा डिंक रात्री भिजवून त्या पाण्यात रंग कालवला तर हाताला लागत नाही. हळद शक्यतो टाळावी. उन्हाने ती महिन्याभरात उडते, आणि भिंतीला चुना असेल तर पिवळ्याचे तांबडे होते. कुंकू करताना बायका हाच गुण वापरत आल्या आहेत, पण मोराला तो नको!

आता ज्यांनी पक्के घर बांधले त्यांचे काय? सिमेंटच्या भिंतीला आणि ऑईलपेंटला माती धरत नाही, ती वाळली की गळून पडते. त्यासाठी उपाय बुरडाकडे आहे. दोन हात लांब आणि दीड हात रुंद अशी बांबूच्या कामट्यांची तट्टी विणून घ्यावी. विण थोडी विरळ ठेवायला सांगावे, म्हणजे माती फटींतून मागे जाऊन घट्ट धरते. तट्टी जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर उठावाचे काम करावे आणि वाळल्यावर दोन खिळ्यांवर टांगावी. वजन बऱ्यापैकी होते, खिळे मजबूत हवेत. नको झाली तर भिंत तशीच राहते. जुन्या सुपावरही लहान काम छान बसते.

बांबू आणि माती यांचे जोडकाम कुठवर जाते, ते सरगुजा जिल्ह्यातल्या सोनाबाई रजवार यांनी दाखवले. हा भाग आज छत्तीसगडात आहे, तेव्हा मध्य प्रदेशात होता. पुहपुटरा गावची ही शेतकरी घरातली बाई. नवऱ्याने तिला वर्षानुवर्षे घराबाहेर जाऊ दिले नाही, ना शेजार ना सोबत. लहान मुलाला खेळणे नव्हते म्हणून तिने मातीची चित्रे करायला घेतली. मग भिंतींवर माणसे, पक्षी, माकडे, वाद्ये वाजवणारे आले. ओसरीत ऊन फार येई, म्हणून तिने बांबूच्या चिपा गोल वळवून बांधल्या, त्यांना माती लावली आणि जाळी केली. जाळीच्या गोलांत पुन्हा पाखरे बसवली. ऊन अडले, वारा येत राहिला. तिला कोणी शिकवले नव्हते आणि पाहायलाही कोणी येत नव्हते. १९८३ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनची माणसे त्या घरापर्यंत पोचली. पुढे तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशात तिच्या कामाची प्रदर्शने झाली. पुरस्कारापेक्षा आम्हाला ती जाळी जास्त मोलाची वाटते. नागपूरच्या उन्हात अशी जाळी पश्चिमेच्या ओसरीला कोणीही करून पाहावी.

तोरणाविषयी थोडक्यात. मौदा-रामटेककडच्या सभासदांकडे हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो. छत्तीसगडात लोक त्या सुमारास धानाच्या लोंब्यांची झालर विणून दारावर टांगतात, पाखरांनी दाणे टिपावेत म्हणून. लोंबी पूर्ण पिकण्याच्या थोडी आधी, देठ हिरवट असताना कापावी. पूर्ण वाळलेली लोंबी विणताना झडते. तीन-तीन देठांची वेणी घालत जावे आणि दर चार बोटांवर नवी लोंबी मिळवावी. ही झालर चार दिवस सावलीत वाळवून मग टांगावी. आम्ही पहिल्या वर्षी ओलीच टांगली, तिला बुरशी आली आणि घरभर कुबट वास सुटला. पाखरांसाठी न ठेवता वर्षभर ठेवायची असेल तर दाणा दाताखाली कटकन फुटेल इतकी ती वाळली पाहिजे, नाहीतर पोरकिडे होतात. उंदरांपासून दूर, एकाच दोरीवर लोंबती ठेवावी.

आणि आपला तुरा! उसाला तुरा आला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कारण वाढ थांबली, आणि ऊस उभा ठेवला तर पोकळ पडणार. तोडणीचा क्रमांक लावून घेण्याची ती वेळ. पण आलाच आहे तर बांधावरचे दहा-पंधरा तुरे घरी आणावेत. पुरता फुललेला तुरा घेऊ नये, त्याचे कापसासारखे तंतू घरभर उडतात. नुकताच बाहेर पडलेला, चंदेरी-जांभळट झाक असलेला तुरा हातभर देठासकट कापावा आणि उलटा टांगून वाळवावा. पाणी न घातलेल्या जुन्या माठात किंवा सारवलेल्या डब्यात उभा केला की वर्षभर टिकतो. चुलीपासून आणि समईपासून लांब ठेवावा, ठिणगी लागली तर एका क्षणात पेटतो.

आमच्या ओसरीवर मोर पुन्हा झाला आहे. सिमेंट सगळे खरडून काढावे लागले, भिंतीचा खालचा हातभर भाग नव्याने भरावा लागला आणि त्या मजुरीत प्लास्टरला घातला होता तेवढा पैसा पुन्हा गेला. मोर आजीने सांगितला आणि धाकट्या सुनेने केला. आजीच्या मते त्याची मान अजून आखूडच आहे.

माती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिजवली तर सहाव्या-सातव्या दिवशी कामाला घेता येते. दोन-तीन दिवसांत उठाव होतो, पुढचे आठ दिवस वाळायला लागतात, आणि रंगाचे काम वसुबारसेपर्यंत आटोपते. पाऊस लांबला तर घाई करू नये. ओल्या भिंतीवर केलेले काम टिकत नाही, ते कार्तिकी पौर्णिमेपर्यंत खुशाल पुढे ढकलावे.